ट्विन रिव्हर्ब: नव्या ट्यूब टाकल्यापासून उजवीकडच्या दोन लाल होतात, पॉट फिरवून फरक नाही

सहा_तारा_नेरुळ

नमस्कार मंडळी. माझ्याकडे फेंडर कंपनीचा ट्विन रिव्हर्ब हा गिटारचा ट्यूबवाला अ‍ॅम्प आहे, सिल्व्हरफेस म्हणजे चंदेरी पॅनेलचा, मास्टर व्हॉल्यूमवाला. आतल्या पॉटवर (फिरवायच्या रेझिस्टन्सवर) १३७७४१८ असा आकडा आहे, म्हणजे पॉट सीटीएस कंपनीचा, १९७४ सालच्या १८व्या आठवड्यातला. अ‍ॅम्पही त्याच सुमाराचा असणार. हा माझ्या मामाचा. मामा गोव्याच्या हॉटेलांत वाजवायचा, तेव्हा जहाजावरच्या एका वादकाकडून त्याने घेतला होता. मामा गेला आणि मामीने टेम्पोत घालून नेरुळला पाठवून दिला, "तुझ्याशिवाय याला हात लावणारं घरात कोणी नाही" म्हणाली. त्यामुळे विकून टाका, नवा घ्या, हा सल्ला कृपया नको.

आवाज बरेच महिने मंद झाला होता. खालच्या सुरांना दम नव्हता, ई तार जोरात मारली की आवाज आधी दबायचा आणि मग वर यायचा. एका दुरुस्तीवाल्याने चार नव्या मॅच्ड (एकसारखा करंट ओढणाऱ्या) ६एल६जीसी पॉवर ट्यूब टाकून दिल्या. काही सेट करायचं नसतं, लावा आणि वाजवा, असं त्याचं म्हणणं. घरी आणून लावला तर पहिली दहा-पंधरा मिनिटं काय आवाज! मामाच्या कॅसेटवर ऐकलाय तसाच, काचेसारखा स्वच्छ. मग हळूहळू घुमायला लागला. मागून पाहिलं तर उजवीकडच्या दोन ट्यूबच्या आतला करडा पत्रा, म्हणजे प्लेट, मधोमध लाल झालेला. लगेच बंद केला.

चासीवर बाहेरून स्क्रूड्रायव्हरने फिरणारा एक पॉट आहे. तो फिरवला की उजव्या दोन शांत होतात, पण डाव्या तापायला लागतात. मधली जागाच सापडत नाही.

ट्यूबच खराब आल्यात का? बायस, म्हणजे ट्यूबचा करंट आवरणारं ग्रिडवरचं उणे व्होल्टेज, घरी सेट करता येईल का? मल्टिमीटर आहे, पेडल स्वतः सोल्डर करतो. अ‍ॅम्प लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या २३० ते ११० स्टेपडाउन ट्रान्स्फॉर्मरवर चालतो. गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात यावर वाजवायची फार इच्छा आहे.

ऐरोली_ब्लूज

आधी ट्यूब की अ‍ॅम्प ते ठरवा. पूर्ण बंद करून, गार झाल्यावर उजव्या दोन डावीकडे लावा आणि डाव्या उजवीकडे. लाली ट्यूबबरोबर डावीकडे गेली तर ट्यूब परत करा. उजवीकडेच राहिली तर दोष अ‍ॅम्पमध्ये आहे. मागे बसून बघत राहा, लाल दिसायला लागली की त्याच क्षणी स्टँडबायच्या स्विचने ट्यूबचं हाय व्होल्टेज तोडा.

एक सुचवतो, ट्यूब बदलायच्याच असतील तर ईएल३४ ही दुसऱ्या प्रकारची पॉवर ट्यूब का नाही लावत? सॉकेट तेच आहे आणि मिड्स मस्त येतात.

सहा_तारा_नेरुळ

केलं. लाली उजवीकडेच राहिली. म्हणजे ट्यूब ठीक आहेत, बरोबर?

वागळे_सोल्डर

ईएल३४ अजिबात लावू नका. सॉकेट दिसायला तेच, पण फेंडरने १ नंबरची पिन मोकळी समजून तिचा वापर टेकू म्हणून केलाय. १.५ के चा ग्रिडचा रेझिस्टन्स १ आणि ५ या पिनांच्या मध्ये लावलेला असतो. ६एल६ ला त्या पिनेशी देणंघेणं नाही, पण ईएल३४ ची तीच पिन सप्रेसर ग्रिड असते आणि ती कॅथोडला जोडलेली हवी. शिवाय ईएल३४ चा हीटर दीड अँपिअर खातो, ६एल६जीसी चा ०.९. चार व्हॉल्व्हचा (ट्यूबलाच मी व्हॉल्व्ह म्हणतो) हिशेब केला तर ३.६ च्या जागी ६ अँपिअर. पन्नास वर्षांचा ट्रान्स्फॉर्मर आहे तो, त्याचा जीव घेऊ नका.

आता मूळ दुखणं. मी वागळे इस्टेटला व्हॉल्व्हचीच कामं करतो. सुरुवात मर्फी आणि बुशच्या रेडिओंवर झाली, मग लाऊडस्पीकरवाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर, आता गिटारवाले येतात. तुमच्यासारखी तक्रार फार वेळा येते आणि ती जवळपास नेहमी "नवे व्हॉल्व्ह टाकल्यापासून" अशीच सुरू होते. दोष त्याच्या आधीपासून असतो. तुमचे जुने व्हॉल्व्ह दमलेले होते, बायस कमी पडला तरी जास्त करंट ओढायची ताकदच त्यांच्यात उरली नव्हती. नवे आले, त्यांनी पूर्ण करंट ओढला आणि दोष उघडा पडला. म्हणून बायस हे व्हॉल्व्हचं काम आहे असं मी मानत नाही. ग्रिडवर जे उणे व्होल्टेज पोचायला हवं ते पोचतंय का, हे आधी बघायचं. व्हॉल्व्ह शेवटी.

तुम्ही फिरवताय तो पॉट बायस कमी-जास्त करणारा नाहीच. १९६८ नंतरच्या बऱ्याच सिल्व्हरफेसमध्ये फेंडरने तिथे बॅलन्सचा पॉट दिला. तो एका बाजूचं काढून दुसऱ्या बाजूला देतो, एकूण बायस तेवढाच राहतो. म्हणून उजवे शांत झाले की डावे तापतात. ट्विनमध्ये व्हॉल्व्ह दोन गटांत आळीपाळीने काम करतात, त्याला पुश-पुल म्हणतात; डावीकडचे दोन व्हॉल्व्ह त्याच्या एका बाजूला आणि उजवीकडचे दोन दुसऱ्या बाजूला असतात, म्हणजे तुमची उजवी बाजू आख्खी आजारी आहे. आणि मधली जागा सापडत नाही याचा अर्थ एकूण बायसही कमी आहे. दोन वेगळे दोष दिसतायत.

हात घालण्याआधी स्टेपडाउन उलटा करून त्याचं सॉकेट बघा. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच खोक्यांना दोनच चपट्या फटी असतात, अर्थची गोल पिन जायला जागाच नाही. त्यातले बरेच ऑटो-ट्रान्स्फॉर्मर असतात, म्हणजे ११० च्या बाजूला भिंतीतल्या फेजपासून सुटका झालेली नसते. त्यात अ‍ॅम्पच्या मागच्या ग्राउंड स्विचवरून ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर मेनच्या एका तारेतून थेट चासीवर येतो. चासी म्हणजे तुमच्या गिटारच्या तारा. एक हात तारांवर, ओठ माइकला, आणि प्लग उलटा बसलेला. हा प्रकार मला फार घाबरवतो, म्हणून माझ्याकडे आलेल्या प्रत्येक अमेरिकन अ‍ॅम्पचा तो कंडेन्सर मी आधी कापतो. तीन तारांची केबल, हिरवी तार चासीला पक्की बोल्टने, आणि स्टेपडाउनला खरं अर्थिंग असलेलं सॉकेट. हे झाल्याशिवाय पुढचं वाचूच नका.

मग उघडा. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये चारशे व्होल्टच्या वर शिल्लक राहू शकतं. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढायची सवय असेल तर सोडा. ४.७ के चा दहा वॅटचा रेझिस्टन्स घ्या, दोन्ही टोकांना क्लिपच्या वायरी लावा, एक चासीला आणि एक कंडेन्सरच्या पॉझिटिव्हला. थोडं थांबा आणि मीटरने मोजून खात्री करा. प्रत्येक कंडेन्सर वेगळा मोजायचा. पहिले दोन सिरीजमध्ये असतात, तिथे दोघांवरही बघायचं.

चारही पॉवर व्हॉल्व्ह काढा. स्पीकर जोडलेलाच राहू द्या, तो काढायची सवयच नको. अ‍ॅम्प सिरीज लॅम्पवर लावा. कोणत्याही जुन्या वायरमनकडे तो बोर्ड असतो, साध्या पिवळ्या शंभर वॅटच्या बल्बचा. एलईडी चालणार नाही. चालू करताना बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगत राहिला तर बंद करा, मोठा शॉर्ट आहे. ठीक असेल तर लॅम्प काढून सरळ लावा, कारण लॅम्पवर घेतलेले आकडे खाली येतात.

मीटर डीसीवर, काळी तार चासीला चिमट्याने पक्की, एक हात खिशात. चारही सॉकेटच्या ५ नंबरच्या पिनेवर किती उणे येतंय ते लिहा. पॉट मधोमध ठेवा. स्टँडबाय चालू, म्हणजे वाजवायच्या स्थितीत. व्हॉल्व्ह नसताना हाय व्होल्टेज चढतं, म्हणून आकडे घेऊन लगेच बंद करा.

आणि बंद अवस्थेत ४ आणि ६ पिनांच्या मधले ४७० ओहमचे स्क्रीन रेझिस्टन्स मोजा. लाल झालेल्या बाजूला एखादा करपलेला निघतो.

भिंतीतलं व्होल्टेज आणि स्टेपडाउनचं व्होल्टेज, दोन्हीही लिहा.

सहा_तारा_नेरुळ

काका, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. स्टेपडाउनला खरंच दोनच फटी होत्या! अर्थवालं सॉकेट बसवून घेतलं, ०.०४७ कापला, केबल बदलली.

आकडे: भिंतीत २३८, स्टेपडाउनमधून ११४. ५ नंबरच्या पिनेवर डावीकडे दोन्हीकडे उणे ४१, उजवीकडे दोन्हीकडे उणे ३३. स्क्रीनचे तीन रेझिस्टन्स ४७० च्या आसपास, उजवीकडच्या टोकाचा एक ६२० दाखवतो आणि तपकिरी पडलाय.

घणसोलीच्या एका मित्राकडे बायस प्रोब आहे, सॉकेट आणि ट्यूबच्या मध्ये बसतं ते. ते आणू का?

वागळे_सोल्डर

प्रोब आणा, पण ते नंतर. आकड्यांनी बरंच सांगितलं.

उजवीकडे आठ व्होल्ट कमी. पॉट मध्यात असताना दोन्ही बाजू सारख्याच यायला हव्यात. पॉवर व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना आवाज पुरवणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे फेज इन्व्हर्टरच्या, प्लेटवर दोनशेच्या वर पॉझिटिव्ह व्होल्टेज असतं आणि तिथून ०.१ मायक्रोफॅरडचा कपलिंग कंडेन्सर फक्त आवाज पुढे सोडतो, डीसी अडवतो. तो गळायला लागला की पॉझिटिव्ह झिरपून ग्रिडचं उणे खाऊन टाकतं. गरम झाल्यावर गळती वाढते, म्हणून तुमचा अ‍ॅम्प पंधरा मिनिटं गोड वाजला आणि मग लाल झाला.

पण थेट कंडेन्सरवर खापर फोडू नका. तुम्ही नेरुळला, खाडी जवळ, आणि पावसाळा चालू. फेंडरचा तो काळा बोर्ड पुठ्ठ्यासारख्या फायबरचा असतो, दमट हवेत पाणी धरतो आणि मग बोर्डातूनच करंट वाहतो. परीक्षा अशी: उजव्या बाजूच्या ०.१ चा ग्रिडकडचा पाय सोल्डर काढून वर उचला. चालू करून मीटरची लाल तार त्या मोकळ्या पायाला लावा. तिथे काही व्होल्ट पॉझिटिव्ह दिसले तर कंडेन्सर गळतोय. पाय शून्य, पण ५ नंबरची पिन अजून ३३ वरच, तर बोर्ड ओला. तसं असेल तर हेअर ड्रायर कोमट ठेवून सावकाश बोर्ड सुकवा आणि परत मोजा.

गळतोय असं ठरलं तर दोन्ही ०.१ बदला, ६०० व्होल्टचे फिल्म टाइप. एक गेला म्हणजे दुसराही त्याच वयाचा आहे.

दुसरा दोष: चांगल्या बाजूलाही ४१ च. तुमच्या ११४ व्होल्टवर मला ४६-४७ च्या आसपास दिसायला हवं. बायसचा कंडेन्सर वाळलाय, पन्नास वर्षांचा इलेक्ट्रोलिटिक आहे. १०० मायक्रोफॅरड, १०० व्होल्टचा घाला. इथे नीट लक्ष द्या, चांगले शिकलेले लोकही इथे उलटं करतात: हे सर्किट उणे व्होल्टेजचं आहे, त्यामुळे कंडेन्सरचा पॉझिटिव्ह पाय चासीकडे आणि निगेटिव्ह पाय बायसकडे. उलटा बसवलात तर फुगेल आणि बायस जाईल. बायस गेला की चारही व्हॉल्व्ह एकदम लाल.

स्क्रीनचा ६२० वाला बदला. मी चारही बदलतो, ४७० ओहम ३ वॅटचे, सॉकेटपासून जरा उचलून.

बॅलन्सच्या पॉटचं काय करायचं ते तुमच्यावर. मी जुन्या ब्लॅकफेसच्या (सिल्व्हरफेसच्या आधीच्या, काळ्या पॅनेलच्या मॉडेलच्या) पद्धतीने करतो. दोन्ही बाजूंचे ग्रिडचे रेझिस्टन्स एकाच बायसवर आणायचे, आणि १० के चा पॉट २७ के च्या रेझिस्टन्सबरोबर सिरीजमध्ये चासीकडे न्यायचा. त्यात पॉट आतून तुटला तरी उणे वाढतं, व्हॉल्व्ह थंड होतात, जळत नाहीत. बॅलन्स हातातून जातो, पण तुमचे मॅच्ड आहेत.

पाचपाखाडी_रिदम

मध्येच येतो. ट्यूबबद्दल एक. उजव्या दोन लाल झाल्या तरी लगेच फेकू नका, थोड्याच वेळात बंद केल्या असतील तर बहुतेक वाचतात. वरच्या काचेवरचा चंदेरी डाग बघा. चकचकीत असेल तर हवा शिरलेली नाही, पांढरा दुधाळ झाला असेल तर ट्यूब संपली. काचेवर निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती चांगल्या ट्यूबलाही असते.

आणि चारचा संच जपून वापरा. २०२२ मध्ये रशियाने काही काळ निर्यात अडवली तेव्हा साराटॉव्हच्या कारखान्यातल्या ट्यूब मिळेनाशा झाल्या आणि स्लोव्हाकियाच्या जेजे वर सगळ्यांची झुंबड उडाली. भाव चढले ते काही फारसे उतरले नाहीत, त्यात आपल्याकडे कस्टम वेगळं.

सहा_तारा_नेरुळ

सगळं झालं. मोकळ्या पायावर ९ व्होल्ट पॉझिटिव्ह दिसले आणि ते माझ्या डोळ्यांसमोर वर चढत होते, अ‍ॅम्प तापत गेला तसे. म्हणजे कंडेन्सरच. तो काढल्यावर उजवी बाजूही ४१ ला आली. दोन्ही नवे घातले, बायसचा कंडेन्सर काकांनी सांगितल्याप्रमाणे पॉझिटिव्ह चासीकडे. आता चारही पिनांवर उणे ४७. पॉटही ब्लॅकफेस पद्धतीने केला.

आता प्रोब लावायचं. ७० टक्क्यांचा नियम सगळीकडे वाचतो. ६एल६जीसी ची प्लेट जास्तीत जास्त ३० वॅट सोसते, म्हणजे त्याच्या ७० टक्के, २१ वॅटवर आणू?

वागळे_सोल्डर

शाब्बास. ९ व्होल्ट चढताना बघितलेत ना, आता कधी विसरणार नाही.

२१ वॅट ही वरची हद्द आहे, तिथे पोचायलाच हवं असं काही नाही. हिशेब असा: ३ नंबरच्या पिनेवरचं प्लेट व्होल्टेज गुणिले त्या व्हॉल्व्हचा करंट. तुमच्याकडे प्लेटला समजा ४३८ आलं, तर २१ वॅट म्हणजे ४८ मिलिअँपिअर. मी ट्विन ४० च्या आसपास ठेवतो, म्हणजे साडेसतरा वॅट. हा अ‍ॅम्प स्वच्छ आवाजासाठीच घेतात, त्याला जास्त तापवून हाती काही लागत नाही. क्रॉसओव्हरचा, म्हणजे एका बाजूकडून दुसरीकडे काम जाताना येणारा, खरखरीतपणा ऐकू येत नाही इतपत करंट असला की माझं समाधान होतं. हळू वाजवून, सूर विरताना कान द्या. शेवटाला सूर तुटक, वाळूसारखा वाटला तर थोडा वाढवा.

प्रोब कॅथोडचा करंट दाखवतं, त्यात स्क्रीनचाही थोडा करंट असतो. त्यामुळे प्लेटचा खरा आकडा थोडा कमीच. चूक सुरक्षित बाजूला आहे, राहू द्या.

प्लेट मोजताना मीटर आणि त्याच्या तारा १००० व्होल्टच्या हव्यात. प्रोबवर प्लेटची सोय असेल तर तीच वापरा. पॉट अगदी थोडा फिरवा, थांबा, परत वाचा. पॉट हलवला की करंट बदलतो, करंट बदलला की प्लेट व्होल्टेज हलतं, दोन्ही परत लिहायचे.

भिंतीतलं व्होल्टेज लिहून ठेवायला सांगितलं ते याचसाठी. संध्याकाळी सगळ्या इमारतींचे एसी चालू असताना २३८ आहे, रात्री उशिरा तेच चढतं. रात्रीच्या आकड्यावरही २१ वॅटच्या आत राहायला हवं.

सहा_तारा_नेरुळ

प्लेट ४३६. चार ट्यूब: ३९, ४१, ४०, ३९. रात्री एकच्या सुमारास भिंतीत २४७ होतं तेव्हा प्लेट ४५३ आणि सगळ्यात जास्त ४३, म्हणजे साडेएकोणीस वॅट. तासभर चालू ठेवला, अंधारात मागे बसून पाहिलं, कुठे लाली नाही. घुमणं गेलं. आणि ई तार मारली की आवाज आता दबत नाही, लगेच समोर येतो.

मामीला फोनवर ऐकवला. तिने एकच विचारलं, रिव्हर्ब किती ठेवलायस, तो चारवर ठेवायचा.

वागळे_सोल्डर

आकडे उत्तम. दोनाचा फरक चालतो. थोडे दिवस वाजवून झाले की परत एकदा मोजा, नवे व्हॉल्व्ह सुरुवातीला जरा हलतात. मोठे फिल्टर कंडेन्सर जुनेच असतील तर गणपतीनंतर ते काम काढा.

मांडवात एक काळजी घ्या. डेकोरेशनवाल्याच्या बोर्डावर अ‍ॅम्प लावण्याआधी मीटरने तीन आकडे घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिले दोन २३० च्या जवळ आणि शेवटचा अगदी थोडा हवा. जनरेटर असेल तर दिवे आणि साउंड पूर्ण चालू असताना मोजा. २५० च्या वर दाखवलं किंवा अर्थच सापडला नाही, तर ट्विन घरी ठेवा आणि त्या दिवशी दुसऱ्या कोणाचा अ‍ॅम्प घ्या.